घर गवंडी बांधतो, मग तू काय करतीस?

घर पूर्ण झालं की साईट बंद होते, मिस्त्री पुढच्या गावाला जातो, उरलेलं सामान दुकानात परत येतं. किस्से मात्र कोणी परत घेत नाही. ते माझ्या स्कूटीच्या डिकीत मापाच्या टेपशेजारी साठत राहतात. या वर्षात इतके साठले की डिकी लागेना, म्हणून आज थोडे बाहेर काढते.

मी शाहीन, इंटिरियर डिझायनर. बारामतीत आमचं प्लायवुड-हार्डवेअरचं दुकान आहे. पुण्यात शिकले, तिथल्याच एका ऑफिसात दोन वर्षं मान मोडून ड्रॉइंग काढली आणि गेल्या वर्षी स्वतःचं काम सुरू करायला घरी परत आले. अब्बांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"घर गवंडी बांधतो, कपाट सुतार करतो, रंग रंगारी देतो. मग तू नक्की काय करतीस?"

कॉलेजच्या परीक्षेत हा प्रश्न कधी पडला नव्हता! शेवटी ठरलं, एक वर्ष बघायचं. जमलं तर उत्तम, नाहीतर परत पुण्याची नोकरी. मला पुण्याला जायचं नव्हतं. पण खरं सांगते, त्याहून जास्त मला अब्बांच्या त्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

* * *

पहिलं काम सणसरच्या तात्यांचं. ऊस बागायतदार, नवा कोरा बंगला. मी हौसेनं कॉम्प्युटरवर हॉलचं थ्रीडी चित्र करून दाखवलं. तात्यांनी ते फोनवर घेतलं आणि अख्ख्या भावकीला पाठवलं.

तीन महिन्यांनी हॉल हुबेहूब चित्रासारखा झाला. तात्या मधोमध उभे राहिले, चारी बाजूंना बघितलं आणि खिडकीपाशी जाऊन थांबले.

"डोंगर कुठं हाय?"

चित्रात खिडकीबाहेर हिरवेगार डोंगर होते. ते सॉफ्टवेअर आपलं आपणच टाकतं. मी तसं सांगितल्यावर तात्यांचा चेहरा पडला. "मग आदी सांगायचं की. आमी पाव्हन्यांना सांगून बसलो."

तेव्हापासून मी शहाणी झाले. चित्रातल्या खिडकीबाहेर ऊस टाकायला लागले. पुढचे गिऱ्हाईक लासुर्ण्याच्या बाजूचे. चित्र बोटांनी मोठं करकरून बराच वेळ बघत होते. मला वाटलं, सोफ्याचं कापड न्याहाळताहेत.

"तुरा आलाय ह्या उसाला," ते म्हणाले. "तोड लांबली जनू."

* * *

सांगवीला एका घरात स्वयंपाकघराचं काम होतं. ओट्याची उंची काम करणाऱ्या बाईच्या मापानं ठेवायची असते, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. इथं सासूबाई बुटक्या, सूनबाई चांगल्या उंच. माप कुणाचं घ्यायचं?

सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, सुनेच्या मापानं कर, तिला वाकायला लागू नये. थोड्या वेळानं सूनबाईंनी दुसऱ्या बाजूला घेतलं. म्हणाल्या, आत्यांच्या मापानं करा, या वयात त्यांना त्रास नको. दोघींचा एकमेकींवरचा जीव बघून मला अगदी भरून आलं. माझे सुतार दत्तू मिस्त्री, वयानं अब्बांएवढे, शेजारी रंधा मारत होते. मी त्यांना ते सांगितलं.

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "ताई, जिच्या मापाचा वटा, तिच्या गळ्यात सैपाक."

ओटा शेवटी सूनबाईंच्या नवऱ्याच्या मापानं झाला. या निर्णयावर दोघींचं एका मिनिटात एकमत झालं! त्यावर आता भाकरी कोण थापतं, ते मी विचारायला गेलेले नाही.

* * *

दत्तू मिस्त्रींची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. सुरुवातीला ते माझं ड्रॉइंग हातातसुद्धा घेत नसत. सगळं तोंडी विचारायचे आणि मनानं करायचे. मी एकदा चिडून म्हणाले, मामा, कागदावर जे आहे ते आणि तेवढंच करायचं. एक रेघ कमी नको, एक रेघ जास्त नको.

त्यांनी ते मनावर घेतलं. इंदापूरच्या एका घरात हॉल आणि देवघराच्या मधे लाकडी पार्टिशन होतं. दोन दिवसांनी साईटवर गेले तर पार्टिशनमधे कडेला एक मोठं गोल भोक! कडा घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या, एवढं सुबक काम मी त्यांच्या हातून पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, हे काय? मामांनी गंभीरपणे ड्रॉइंग पुढं धरलं. कागदावर खरंच गोल होतं. मीच त्यावर चहाचा ग्लास ठेवला होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात घरमालक आले. त्या गोलातून देवघरातली समई बरोबर दिसत होती. ते बघतच राहिले. म्हणाले, हे लई डोक्यानं केलंय ताई तुमी. मी लाजून मान हलवली. काय करणार?

आता इंदापूर तालुक्यात ते गोल आणखी तीन घरांत गेलंय. घरी अब्बांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "म्हंजे डिझाइन ग्लासानं केलं, भोक दत्तूनं पाडलं. मग तू..."

पुढचं मी ऐकलं नाही, चहा टाकायला निघून गेले.

* * *

एका शर्यतीच्या बैलाचे मालक आले होते. हॉलमधे टीव्हीशेजारी बैलाच्या ढाली आणि चषक ठेवायला काचेचं कपाट हवं होतं. ते झालं. मग म्हणाले, पुढचं दार रुंद करा. मी विचारलं, सोफा मोठा घेताय का? म्हणाले, छे, वास्तुशांतीला बैल आत आणायचा हाय, शिंगं अडकाय नको.

शिंगांचं माप मलाच घ्यावं लागलं. मालक वेसण धरून कौतुकानं बघत होते. बैलानं एक टोक बरं धरू दिलं, दुसऱ्या टोकाला टेप नेली की मान वळवून माझ्याकडे बघायचा. चौथ्या खेपेला मी डोळ्यांनीच माप घेतलं आणि वर अर्धा फूट वाढवला. दार आता इतकं रुंद आहे की बैल येता-जाता वळूसुद्धा शकतो.

* * *

सगळंच असं हसण्यावारी गेलं नाही. दहाव्या महिन्यात बारामतीतल्या एका डॉक्टर जोडप्याचं मोठं काम हातात येता येता गेलं. बाई अगदी गोड बोलल्या. त्यांना पुण्याचाच डिझायनर हवा होता. मी म्हटलं, मॅडम, मी शिकायला आणि नोकरीला मिळून सात वर्षं पुण्यातच होते.

"अगं, मग तेव्हा भेटायचं ना!" त्या म्हणाल्या.

आज हा किस्सा मी रंगवून सांगते. त्या दिवशी मात्र घरी येऊन रडले. अब्बा दारात आले आणि पंखा चालू करून गेले.

* * *

शेवटचं काम पळसदेवच्या आबांचं. उजनीच्या पाण्याच्या बाजूला तोंड करून नवं घर. आबांच्या पत्नी, काकू, कधी खुर्चीवर बसत नाहीत. खुर्चीवर बसलं की त्यांना पाहुणी आल्यासारखं वाटतं. दिवसभर आपल्या खोलीत जमिनीवर बसून शेंगा फोडणार, धान्य निवडणार. एकदा साईटवर, त्यांच्या नव्या खोलीत, चहा प्यायला मी त्यांच्याशेजारी खाली बसले आणि खिडकीकडे बघितलं. तिथून नुसतं आभाळ दिसत होतं, आणि विजेची एक तार.

मी खिडकी दोन फूट खाली घ्यायला सांगितली. गवंडी हसले. दत्तू मामा म्हणाले, ताई, लोक म्हनतील खिडकी घसरली. आबांनी केवळ माझं मन मोडवेना म्हणून होकार दिला.

वास्तुशांतीला लोक तेच म्हणाले. जो येईल तो, "आबा, ही खिडकी लईच खाली गेली की." आबा कसनुसं हसत होते. प्लायवुड आमच्या दुकानाचं म्हणून अब्बाही आले होते. तेही ऐकत होते. माझं वर्ष संपायला चार दिवस राहिले होते.

मग मांडवात कारागिरांचा मान सुरू झाला. आबा माइकवरून एकेकाला बोलवायचे. नारळ, टॉवेल, डोक्यावर पांढरी टोपी, टाळ्या. गवंडी झाले, दत्तू मामा झाले, रंगारी, वायरमन झाले. यादी संपली. मी बायकांमधे बसले होते आणि माझ्या ताटलीतल्या पेढ्याकडे बघत होते. वाईट वाटलं, उगीच कशाला लपवू?

पंगत बसायची वेळ झाली तरी काकूंचा पत्ता नाही. आबा शोधायला आत गेले, त्यांच्या मागोमाग आम्ही. काकू खिडकीपाशी जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. रस्त्यानं येणाऱ्या एकेकाला नावानं हाक मारून घरात बोलवत होत्या. पाण्यावरून वर येणाऱ्या कोळ्याला विचारत होत्या, आज किती गावली रे. आबा म्हणाले, जेवायला चल.

"माझं ताट हितंच आना," काकू म्हणाल्या. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

आबा धोतर सावरून काकूंच्या शेजारी खाली बसले आणि खिडकीतून बघायला लागले. बराच वेळ बसले. उठले ते थेट मांडवात गेले आणि त्यांनी पुन्हा माइक घेतला.

"एक मान ऱ्हायला," ते म्हणाले. "ह्या पोरीनं काय केलंय ते मला सांगता यायचं न्हाय. ज्याला बघायचं त्यानं आत जाऊन खाली बसावं."

साडी कुणी आणलेली नव्हती. मला नारळ आला, टॉवेल आला आणि ओढणीवरून टोपी आली. फोटोग्राफरनं सगळ्या कारागिरांना एका रांगेत उभं केलं, मला दत्तू मामा आणि वायरमनच्या मधे. टोपी मोठी होती, घसरून डोळ्यांवर आली. मला समोरचं काहीच दिसेना. गर्दीतून अब्बांचा आवाज तेवढा ऐकू आला.

"शाहीन मिस्त्री, टोपी सरळ करा!"