सोडून जाणाऱ्यांसाठी सवलत

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बी.कॉम. झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती पेणमधल्या एका मोबाइल फोनच्या दुकानात. दुकानाचे शेठ आधी कॅसेट विकायचे. एका भिंतीवर भजनांच्या नि लावण्यांच्या कॅसेट अजून तशाच होत्या आणि समोरच्या काचेच्या कपाटात विटेसारखे जाड हँडसेट. फोन कंपनी मोठ्या शहरातली, आम्ही तिचे इथले विक्रेते. तेव्हा फोन करायला पैसे पडत, तसे आलेला फोन उचलायलाही पडत. माणसं फोन वाजला की आधी नंबर बघत आणि उचलावा की नाही याचा विचार करेपर्यंत तो थांबून जाई. बरेच जण हौसेनं फोन घेत आणि वर्षभरात तो बंद करायला येत.

म्हणून कंपनीनं एक नवं काम काढलं. फोन बंद करायचा अर्ज जो देईल त्याला गाठायचं आणि सवलत देऊन थांबवायचं. सहा महिने फोनचं मासिक भाडं निम्मं, वर फोनला चामड्याचं कव्हर फुकट. शेठनी हे काम माझ्यावर सोपवलं. "तुझं बोलणं गोड आहे," म्हणाले. खरं तर कोणाची मनधरणी करायचा त्यांना मनापासून कंटाळा होता.

पहिलाच अर्ज रोह्याच्या एका खानावळवाल्या मावशींचा निघाला.

"फोन लाव आणि बोल," शेठ म्हणाले.

"मी फोन केला तर त्याचे पैसे त्यांनाच पडतील, शेठ."

त्यांनी डोक्याला हात लावला आणि मला एसटीच्या भाड्याचे पैसे काढून दिले.

धाटावच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला मावशींची खानावळ होती. कौलारू घर, पुढच्या पडवीत जेवणाऱ्यांची टेबलं, मागे चुली. पहिल्या शिफ्टची माणसं नुकतीच सुटून जेवायला बसली होती. बहुतेक सगळी खानदेशातली, मराठवाड्यातली, घरापासून लांब राहणारी. मावशी पन्नाशीच्या, पदर खोचून आमटी वाढत होत्या. मी कंपनीचं नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "बस गो. आधी ह्यांचं उरकू दे."

मी बसले तेवढ्यात फडताळातला फोन वाजला. मावशींनी तो उचलला आणि तशाच मागच्या दारी गेल्या. तिथल्या हौदापाशीच काय तो आवाज नीट यायचा. तिथून त्यांनी हाक मारली, "ये रे, तुझी आई!"

एक उंच, सावळा माणूस ताटावरून उठला. उजवा हात भातानं माखलेला, म्हणून डाव्या हातात फोन धरून हौदाशी उभा राहिला. पलीकडची बाई कुठल्याशा बूथवरून इतक्या मोठ्यानं बोलत होती की पडवीपर्यंत ऐकू येत होतं. "जेवलास का?"

"जेवतोच आहे."

"काय आहे?"

"वालाची आमटी."

"तिखट आहे का?"

"नाही गं. बरी आहे."

बाकीचे हसू दाबत जेवत होते. मी मात्र मनातल्या मनात मिनिटं मोजत होते, नोकरीची सवय. तो परत आल्यावर मी मावशींना हळूच विचारलं, "ह्याचे पैसे त्यांच्याकडून घेता?"

"आईच्या फोनचे पैसे घेऊ?" त्या म्हणाल्या.

सगळे जेवून गेल्यावर त्या माझ्यासमोर बसल्या. मी पाठ केलेलं सगळं बोलून दाखवलं. निम्मं भाडं, सहा महिने, कव्हर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"निम्म्या भाड्यात चालतं तुमचं?"

"सहा महिने चालतं."

"मग वर्षभर पुरं कशाला घेतलंत?"

मी हातातला सवलतीचा कागद उलटून बघितला.

"आनी सहा महिन्यांनी काय करू? परत जाते बोलू?" त्या हसल्या. "जे गप भरतायत त्यांना काय देता?"

"त्यांना... काही नाही."

"तुमचं उलटंच हाय गो. माझ्याकडं कोन बोलला ना, उद्यापासून दुसरीकडं जेवतो, तर मी त्याला जा बोलते. जो पाच वर्षं जेवतोय त्याच्या ताटात मासळीची मोठी तुकडी पडते. त्यानं मागावी लागत नाय."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला ते पटलं. मोबाइल बंद करायचं कारणही त्यांनी सांगितलं: घरात तारेच्या फोनसाठी त्यांनी कधीचा नंबर लावला होता आणि तो आता मंजूर झाला होता. त्यावर आलेल्या फोनला पैसे नव्हते. मी म्हटलं, "मग ह्या लोकांच्या घरून येणाऱ्या फोनसाठी तोच बरा, मावशी. खरं सांगते."

"तू कंपनीची ना गो?"

दोघीही हसलो. मग इकडचं तिकडचं बोलताना कळलं की मोबाइल त्यांना अगदीच नको होता असं नाही. त्या सकाळी बाजारात असत, दुपारी डबे घेऊन कारखान्याच्या गेटवर. आज दोन डबे जास्त लागतील, हे कारखान्यातला ठेकेदार त्यांना वाटेत कळवायचा. तेवढ्यापुरता फोन हवा होता, पण भाडं जड जात होतं. आणि नेमकी तशीच, थोडं बोलणाऱ्यांसाठी कमी भाड्याची योजना आमच्या दुकानाबाहेरच्या फलकावर लावलेली होती. फक्त ती नव्या गिऱ्हाइकांसाठी होती.

मी ते सांगितलं. मावशी म्हणाल्या, "नव्यांना हाय आनी मला नाय?"

"मी शेठना विचारते," मी म्हटलं.

पेणला परतले तेव्हा शेठ चहा घेत होते. मी मावशींसाठी ती नव्यांची योजना मागितली. "सोड तो नाद, पुढचा अर्ज बघ," ते म्हणाले. पण मी मोठ्या तुकडीची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. कॅसेटच्या दिवसांत ते स्वतः नेहमीच्या गिऱ्हाइकाला नवी कॅसेट घरी ऐकायला देत. आवडली तर ठेवा, नाहीतर आणून द्या. त्यांनी त्या कॅसेटच्या भिंतीकडे बघितलं आणि कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, जो निघालाय त्याच्या आपण पाया पडतो आणि जो राहिलाय त्याच्याकडून जास्त घेतो. हे कसं चालायचं?"

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. शेठचा चेहरा आधी उतरला, मग खुलला. रिसीव्हर ठेवून ते म्हणाले, "ती योजना जुन्या माणसानं मागितली तर द्या, म्हणतायत. जाहिरात मात्र करायची नाही."

"पण मागायचं काय हे त्यांना कळणार कसं?"

"तू सांगितल्यावर."

मग मी तेच काम केलं. कोणी बिल भरायला आलं की सांगायचे, कोणाच्या घरी फोन असला तर तिथे लावायचे, बाकीच्यांना निरोप धाडायचे, नाहीतर स्वतः गाठायला जायचे. खाडीकडचे एक मिठागरवाले माझं सगळं ऐकून संशयानं म्हणाले, "ह्यात मेख काय हाय?"

"काहीच नाही. तुमचं भाडं कमी होईल."

"मी तक्रार केली नाय. मग सांगायला कशाला आलीस?"

त्यांना पटायला आठवडा गेला. नंतर ते मिठाची गोणी घेऊन दुकानात आले आणि सोबत मेव्हण्याला आणलं. त्याला नवा फोन हवा होता.

मावशींकडे सहीचा कागद घेऊन मी स्वतः गेले. सही करण्याआधी त्यांनी विचारलं, "बाकीच्यांना पन दिलंत?" मी हो म्हटल्यावर त्यांनी हात पुसून सही केली. फोन राहिला. महिनाभरानं घरचा फोनही आला, पण सगळ्यांच्या आया जुन्याच नंबरावर फोन करत. त्यांना नवा नंबर पाठ करायला लावण्यात खानावळीतल्या सगळ्यांचा रविवार गेला, आणि तो गोंधळ ऐकत मीही तिथेच जेवले.

हळूहळू आमच्या दुकानात जुनी माणसं काही काम नसतानाही डोकावू लागली. कोणाला फोनची रिंग बदलून हवी असे, कोणाला नुसतं बसायचं असे. शेठनी एक दिवस सुताराकडून लांब बाकडं करून आणलं आणि दाराबाहेर टाकलं. संध्याकाळी त्यावर जागा मिळत नसे. मी आत गल्ल्याशी बसून त्यांच्या गप्पा ऐकत असे, आणि घरी जायची वेळ झाली तरी उठावंसं वाटत नसे.