दोनशे तेवीस राहून गेला

मेश्रामभाऊ हे देवरी-चिचगड बसचे कंडक्टर. तिकीट हातात ठेवताना ते प्रवाशाकडे बघत नसत, तिकिटाच्या नंबराकडे बघत. मी चिचगडच्या शाळेत मास्तर म्हणून नवा होतो. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मास्तर, तुमचा नंबर फुगेल हाय."

मी शर्टाची बटणं चाचपली.

भाऊंच्या लेखी संख्यांच्या तीन जाती होत्या. संख्येला नि:शेष भागणारे, तिच्याहून लहान आकडे काढायचे आणि त्यांची बेरीज करायची. बेरीज संख्येहून जास्त भरली तर ती फुगेल, कमी भरली तर वाळेल, बरोबर भरली तर साधू. अठ्ठावीस हा साधू: एक, दोन, चार, सात, चौदा मिळून पुन्हा अठ्ठावीसच. "अख्ख्या नोकरीत तिकिटावर मले एकच साधू भेटला," ते सांगत, "आठ हजार एकशे अठ्ठावीस. एका बाईनं त्याच्यात शेंगदाण्याची टरफलं बांधून खिडकीतून फेकून देल्लन."

पण त्यांचा खरा जीव मूळसंख्यांवर. एक आणि स्वतः, याखेरीज कुणाचाच भाग न जाणारी ती मूळसंख्या. बस चालू झाली की लहान मूळसंख्यांनी एकेक करून त्यांचे तोंडी भागाकार सुरू होत आणि चिचगड आलं की निकाल लागे. पैज जाहीर होती: "मी मूळ म्हटलेला नंबर जो भाग घालून तोडन, त्याले माझी सीट. मी उभा राहीन." मी आल्यापासून चार वर्षांत कुणी तोडला नव्हता.

माझं १००१२७ नंबरचं तिकीट त्यांनी असंच मूळ ठरवलं होतं. मी ते पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. भाऊंच्या निवृत्तीच्या आठवड्यात परीक्षेवर देखरेख करताना कंटाळून मी त्याला भागत बसलो. दोनशे तेवीसने भाग गेला. बाकी शून्य.

शेवटच्या फेरीला सगळी बस हार घेऊन आलेली. मी त्यांच्या कानात सांगितलं.

"हळू काऊन सांगून राहिले, मास्तर? हरलो असन तर साऱ्या बसले सांगा."

तिकिटाच्या पाठीवर त्यांनी भागाकार मांडला. उत्तर चारशे एकोणपन्नास. मग उठले, सीट रुमालाने झटकली.

"बसा."

"भाऊ, आज राहू द्या."

"बसा म्हणतो ना." मग बसभर ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तरनं माझा नंबर तोडला. त्या दिवशी दोनशे अकरापर्यंत आलो आन् चिचगड आलं. मी म्हटलं, आता कोण येते पुढं."

दोनशे अकरानंतरची पहिलीच मूळसंख्या दोनशे तेवीस.

अख्खा रस्ता भाऊ दांडा धरून उभे होते आणि मी त्यांच्या सीटवर नवरदेवासारखा अवघडून. मागून कुणीतरी म्हणालं, "कंडक्टरसाहेब, चिचगड एक द्या." तेव्हा सगळे माझ्याकडे बघून हसले. सगळ्यांत मोठ्यानं भाऊ.

चिचगडला उतरल्यावर गळ्यात हार घातलेल्या भाऊंनी ते तिकीट मधोमध फाडलं. एका तुकड्यावर २२३ लिहिलं, दुसऱ्यावर ४४९.

"मोठा तुम्ही ठेवा," ते म्हणाले. "मले माझा राहून गेलेला पाह्यजे."

माझा तुकडा अजून चष्म्याच्या डबीत आहे. चारशे एकोणपन्नास मूळच आहे. मी तीनदा तपासलंय, शेवटच्या भागाकारापर्यंत.