शेडच्या भिंतीवरची पट्टी

अप्पा आज पहाटे गेले, आणि दुपारी मी त्यांच्याबद्दलचं एक खोटं पुन्हा एकदा गप्प बसून ऐकून घेतलं.

अप्पा म्हणजे माझे मोठे काका. माजिवड्याला हायवेच्या कडेला त्यांची टायर रिमोल्डिंगची शेड.

गुळगुळीत झालेला टायर यायचा. वरचं झिजलेलं रबर घासून काढायचं, त्यावर सोल्यूशन लावायचं, ते सुकलं की नव्या नक्षीची पट्टी गोल फिरवून चिकटवायची. मग चेंबरमध्ये शेकायला.

बीएस्सी केमिस्ट्री झाल्यावर नोकरी लागेपर्यंत सहा-सात महिने मी तिथे जायचे. आधी पावत्या लिहायला, मग हट्टाने पट्ट्या चिकटवायला.

मी अप्पांना बाष्पीभवन समजावून सांगायचे. ते पूर्ण ऐकून घ्यायचे.

"झालं तुझं? आता बोट लाव."

सोल्यूशन सुकलं की नाही, ते बोटाच्या मागच्या बाजूने बघायचं. कातडी ओढली गेली पाहिजे, पण कातडीवर काही राहता कामा नये. मगच पट्टी.

"डब्यावर वीस मिनिटं लिहिलंय, अप्पा."

"डबा काय आपल्या गावात राहतो गो? खाडीची हवा आहे ही. बोटाला विचार."

आणखी एक पद्धत होती. ज्याने पट्टी चिकटवली त्याने टायरच्या आत पिवळ्या रंगाने आपलं अक्षर काढायचं.

अप्पांचं अ. माझं स.

एके दिवशी दुपारी डोंबिवलीत माझा इंटरव्ह्यू होता, आणि सकाळी एका टायरची पट्टी माझ्याकडे होती.

सोल्यूशन नखात बसलं की दोन दिवस निघत नाही. वासही जात नाही. म्हणून मी ग्लोव्ह्ज घातले.

बोट लावलं नाही.

घड्याळ लावून वीस मिनिटं मोजली आणि पट्टी बसवली. हवा दमट होती. ते मला कळत नव्हतं असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले.

कळत होतं.

नोकरी लागली. ऑफर लेटर आलं त्या दिवशी मी पेढे घेऊन शेडवर गेले, आणि माझ्या मागोमाग कळव्याचे शिंदेकाका आले. त्यांचा स्वतःचा टेम्पो होता. एका हाताने टायर ढकलत होते, खांद्यावर सुटलेली पट्टी.

"ही घ्या अप्पा, तुमची कारागिरी. बायपासवर निघाली. मागून बाईकवाला येत होता, बायको मागे बसलेली. थोडक्यात वाचले दोघं."

पट्टी त्यांनी अप्पांच्या पायाशी टाकली.

अप्पांनी बॅटरी घेतली. वाकून टायरच्या आत बघितलं. बराच वेळ.

मग पेट्रोलचं फडकं घेतलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि पुसलं.

"काय आहे?" शिंदेकाकांनी विचारलं.

"चिखल."

मग सरळ उभे राहिले.

"माझा हात होता, शिंदे. घाई केली मी. चूक माझी. दुसरा टायर बसवून देतो, थांब."

शिंदेकाका गारच पडले. "तुम्ही? घाई?"

"झाली."

मी पेढ्यांचा बॉक्स हातात धरून उभी होते. अप्पांनी त्यातला एक उचलला आणि अर्धा शिंदेकाकांच्या हातावर ठेवला.

"पोरीला नोकरी लागली. तोंड गोड कर."

ती पट्टी त्यांनी भिंतीवर खिळ्याला टांगली. पुढे जो कोणी कामाला लागेल त्याला पहिल्या दिवशी दाखवायचे.

"ही मी चिकटवलेली. बोट लावलं नव्हतं."

बोट लावलं नव्हतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

शेडवर गेले की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे. एकदाच हिंमत केली. लग्नानंतर कधीतरी.

"अप्पा, ती पट्टी..."

"राहू दे तिथंच. कामाची आहे. चहा घेतेस?"

मी चहा घेतला. सुटल्यासारखं वाटलं होतं, तेही लिहून ठेवते.

आज सगळं आटोपून माणसं शेडबाहेर खुर्च्यांवर बसली होती. शिंदेकाका काठी टेकत आले. पट्टीकडे बघत म्हणाले, "आयुष्यात एकच टायर चुकला अप्पांचा. पण माझ्या तोंडावर कबूल केलं. असा माणूस मिळत नाही."

निलेश, अप्पांचा मुलगा, म्हणाला, "तेवढी एकच चूक, काका."

सगळ्यांनी मान हलवली.

मी पण.

आता बोलायचं, असं ठरवेपर्यंत कोणीतरी दहाव्याचा विषय काढला.

मला अजून रडू आलेलं नाही. घरी आल्यावर बोटाची मागची बाजू गालाला लावून बघितली. कोरडी.

तोंडाने बोलता आलं नाही म्हणून इथे, सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. हा सोपा मार्ग आहे, माहितीये. पण उद्यावर टाकलं तर उद्याही चहाच घेईन.

निलेश, शिंदेकाका, ती पट्टी अप्पांनी चिकटवली नव्हती. मी चिकटवली होती. टायरच्या आत स होता. अप्पांनी तो तुमच्या समोर पुसला, काका.

त्या दोघांचं काही बरंवाईट झालं असतं तर मी बोलले असते का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

निलेश, पट्टी उतरवू नकोस. नवीन माणूस आला की दाखवत जा. फक्त सांगताना नाव माझं सांग.

उद्या सकाळी मी येते. पिवळा रंग काढून ठेव. त्या पट्टीवर अक्षर मीच काढीन.

अप्पा, तुमचा एकही टायर चुकला नव्हता.

शेवटचा नमस्कार.

तुमची सुजाता