येळवशीचा स्लॅब

“किती?” सबनीससाहेबांनी विचारलं.

मी त्यांना सांगत होतो की अमावस्येला स्लॅब धरू नका, एक दिवस पुढं ढकला. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं आणि खिशातून पेन काढलं.

पालमच्या अलीकडं नदीवर पुलाचं काम चालू होतं. आमचा मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. रस्ते, पूल, धरणं अशी कामं निघायला लागली होती आणि ती करायला मुंबईची एक मोठी कंपनी आली होती. सिमेंट, लोखंड, मशीन आणि इंजिनिअर कंपनीचे. मजूर, खडी, वाळू आणि पाणी माझं. कंपनीच्या भाषेत मी पेटी कॉन्ट्रॅक्टर, आमच्या भागात गुत्तेदार. माझं शिक्षण उर्दू चौथी. निजामाच्या सडकेवर खडी फोडत फोडत वर आलो. मला कोणी आपण होऊन भाव वाढवून दिला नाही. प्रत्येक वेळी भांडून घेतला.

सबनीस पुण्याचे. वयानं माझ्यापेक्षा लहान, कामाला चोख. आमची भांडणं नेहमीची. मी उठून जायचो, ते हाक मारायचे, मी अर्ध्या वाटेतून परत यायचो. भाव ठरला की चहा. त्यांच्यासारखा भांडायला तोडीचा माणूस मला पुन्हा मिळाला नाही. कंपनीला पुढं धरणाचं काम मिळणार होतं आणि मजुरांसाठी माझंच नाव देतो, असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. माझा सगळा डोळा त्या धरणावर होता.

स्लॅबचं थोडं समजावून सांगतो. पुलाच्या दोन खांबांमधल्या भागाला गाळा म्हणतात. गाळ्याचा स्लॅब एका दमात भरावा लागतो. ओतलेलं काँक्रीट थोड्याच वेळात आवळायला लागतं. मध्येच काम थांबलं आणि नंतर पुढं ओतलं, तर जुनं आणि नवं एकमेकाला धरत नाही. त्याला कोल्ड जॉइंट म्हणतात. वरून ती नुसती एक रेघ दिसते, पण पाणी तिथूनच मुरतं आणि गाळा तिथंच दगा देतो. म्हणून मिक्सर चालू झाला की शेवटच्या घमेल्यापर्यंत माणसांची रांग तुटता कामा नये.

मोठा मिक्सर दुसऱ्या साइटवरून मागून आणलेला. तो लवकर परत पाठवायचा होता. म्हणून साहेबांनी अमावस्येचा दिवस धरला.

मार्गशीर्षातली ती अमावस्या म्हणजे आमच्याकडं येळवस. त्या दिवशी गाव रिकामं होतं. बैलगाड्या जुंपून सगळं घर शेतात जातं. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप म्हणजे खोपट करायचं, आत पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे आणि भज्जी, उंडे, आंबील खायची. वाटेनं जाणारा अनोळखी माणूससुद्धा त्या दिवशी उपाशी जाऊ द्यायचा नसतो. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. कामावर कोणी येत नाही.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “मीही मराठीच आहे हो. मार्गशीर्ष अमावस्येला कसला सण? पंचांगात दाखवा.”

“पंचांगात नसेल, शिवारात आहे. चला, दाखवतो.”

“मागं सुगी होती. त्याच्या आधी तुमच्या मेव्हण्याचं लग्न होतं. बोला, किती वाढवू?”

सुगी खरी होती. लग्नही खरं होतं, मेव्हणा तेवढा लांबचा होता. पण दोन्ही वेळा भाव वाढल्यावर माणसं आली होती, हे साहेबांच्या लक्षात होतं. माझं डोकं फिरलं. आता तुम्हीच आणा माणसं, असं म्हणून मी उठलो. ते हसत राहिले. माझं उठून जाणंही त्यांनी सौद्यातच धरलं.

मी मारोती मुकादमाकडं गेलो. पालमच्या बाजूचे सगळे मजूर त्याच्या शब्दावर चालायचे. त्याला विनवलं, रागावलो, धरणाच्या कामाची आठवण दिली. तो शांतपणे म्हणाला, “मालक, तुमीच दरसाल आमच्या कोपीत जेवताव. तुमाला काय सांगावं? दुपारच्याला जेवणं झाली की समदे येताव. त्याच्या आदी न्हाई.”

मी परत साहेबांकडं गेलो. म्हटलं, मजूर दुपारी येतील, मिक्सर दुपारीच चालू करा.

“उतरलात की अर्ध्यावर,” साहेब म्हणाले. “सकाळपर्यंत पुरते उतराल.”

सकाळी त्यांनी मिक्सर चालू केला. मिक्सरचा आवाज ऐकला की गुत्तेदार माणसं घेऊन पळत येईल, असा त्यांचा अंदाज. मी आलो. बरोबर परगावचे मोजके गडी होते, कंपनीचे चार-दोन लोक होते. साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि सव्वापट म्हणाले. मी नाही म्हणून मान हलवली. दीडपट म्हणाले. मग दुप्पट. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माणूस आपण होऊन भाव चढवत होता आणि माझ्याकडं विकायला माल नव्हता.

जवळचा खडीचा ढीग संपला. पाण्याची पिंपं कोरडी पडली. मिक्सर रिकामा फिरायला लागला, मग बंद केला. गाळा अर्धाच भरला होता. सगळ्यांसमोर मी तोंडाला येईल ते बोललो. साहेबही कमी बोलले नाहीत.

दुपारी मारोतीची माणसं आली, कबूल केल्याप्रमाणं, एकजण कमी नाही. बाया नव्या लुगड्यांत, कपाळाला गुलाल, डोक्यावर टोपल्या. मारोतीनं काम विचारायच्या आधी साहेबांच्या हातात आंबिलीचा तांब्या दिला. “साहेब, आदी जेवा. आज कुनी उपाशी ऱ्हायचं नसतंय.”

साहेब तांब्या धरून तसेच उभे राहिले. अर्ध्या स्लॅबच्या कडेला काँक्रीट पार आवळलं होतं. मग माझ्याकडं बघून हळू म्हणाले, “म्हणजे दुपारी येतील म्हणालात, तेही खरंच होतं.”

मी बायांच्या टोपल्या उतरवून घ्यायला वळलो. थांबून त्यांना उत्तर द्यायला हवं होतं.

मुंबईहून मोठे साहेब आले. गाळा फोडायचा ठरला. ठपका मजूर वेळेवर न पुरवल्याचा, म्हणजे माझ्यावर. तो राग अजून गेलेला नाही. मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, हे कोणी विचारलं नाही. छिन्नी-हातोड्यानं तो स्लॅब माझ्याच माणसांनी फोडला. त्या कामाचा भाव कंपनीनं सांगितला तोच मी घेतला. आयुष्यात तेवढ्या एकाच कामाचा भाव मी केला नाही. धरणाचं काम दुसऱ्या गुत्तेदाराला गेलं.

सबनीसांची बदली झाली. जायच्या दिवशी ते पालमला मोटारीत बसताना दिसले. मी रस्त्याच्या पलीकडं दुकानाच्या फळीवर होतो. त्यांनी हात वर केला. मला वाटलं, ते उतरतील, हाक मारतील, मग आपण जाऊ. नेहमी तसंच व्हायचं. मोटार सुटली. पुन्हा आमची गाठ पडली नाही.

धंद्यात नवीन आलेल्यांना मी सांगतो, भाव रोज करा. पण एखादी गोष्ट अशी ठेवा की तिच्यावर तुम्ही कधीच भाव करत नाही, हे समोरच्याला पक्कं माहीत असेल. ती एखाद्या दिवशी लागते. मला लागली तेव्हा माझ्याकडं तसली एकही गोष्ट शिल्लक नव्हती.