हूं कोणी दिला?

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणारी माणसं मला आवडत नाहीत. या सदरातले अनुभवही मी आजवर त्यातल्या चुका शोधायलाच वाचले. आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये मी कापसाच्या गाड्यांचं वजन करतो. शंका आली की गाडी काट्यावरून उतरवायची आणि पुन्हा चढवायची, ही सवय अंगात मुरलेली. तरी हे लिहितोय... कारण घरात कुणाला सांगता येत नाही.

आमचं गाव त्याच जिल्ह्यातल्या तामसी मंडलात. शाळा तेलुगू, घरात मराठी. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. वाचणारा ओळ वाचून थांबतो, समोर बसलेला एक जण ‘हूं’ म्हणतो, मग पुढची ओळ. हूं आला नाही तर पोथी तिथंच थांबते. हे काम वर्षानुवर्षं माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं. वाचणाऱ्याच्या बरोबर समोर, जमिनीवर मांडी घालून बसायचा. त्याचा हूं पोटातून यायचा, थेट गावच्या पारापर्यंत ऐकू जायचा.

मागच्या उन्हाळ्यात दादाला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घशातून नुसती घरघर. ‘हात दाबा, डोळे मिटा’ म्हटलं तरी काही नाही. पुढं गिळणंही बंद होत आलं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, पोटातून नळी टाकू, पण हृदय कमजोर आहे, ऑपरेशनमध्ये काहीही होऊ शकतं. आणि नाही टाकली तर... ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. लवकर ठरवा म्हणाले.

वहिनी अडून बसली. “भावजी, त्याइले इचारल्याबिगर मी नाई नेनार.”

“इचारू कसं, वहिनी? दादा बोलते कुठं?”

“तुमी येवढे हिसोबवाले. काढा काई तरी तोड.”

तोड कसली काढणार? मी संध्याकाळची ड्यूटी मागून घेतली आणि दुपारी दादाजवळ बसून वाचायला लागलो, त्याला ऐकायची सवय म्हणून. यवतमाळच्या बस स्टँडवर घेतलेली महाभारतावरची एक नवी कादंबरी होती. भाषा आजची, प्रत्येक जण आपल्या मनातलं स्वतःच सांगतो.

वहिनीनं पुस्तक पाहिलं. “अगाई! घरात महाभारत काऊन वाचून रायले? भांडनं लागतेत.”

“भांडाले कोन हाय आता? दादा तं उलट बोलत नाई.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

त्या दुपारी लाइट गेलेली. पंखा बंद, टीव्ही बंद. माझ्या डाव्या हाताला दादाची खाट. वहिनी मागं स्वयंपाकघरात. बाणांच्या शय्येवर पडलेल्या पितामहांचं प्रकरण चालू होतं. वैद्य येतात, बाण काढू म्हणतात. तिथं लेखकानं त्यांच्या तोंडी एक वाक्य घातलंय — ‘आता मला उचलू नका. मला इथंच राहू द्या.’

मी श्वास घ्यायला थांबलो.

“हूं.”

मला वाटलं, कानाला भास झाला. तेच वाक्य पुन्हा वाचलं आणि मुद्दाम थांबलो.

“हूं.” तोच, पोटातून आलेला. देवळातला.

वहिनी भाकरीच्या पिठाच्या हातानंच धावत आली. “हे म्हनले ना, भावजी? मी आयकलं! दोनदा म्हनले!” तिनं दादाचे पाय धरले, हलवले. तिच्या ओरडण्यानं त्यानं डोळे उघडले. “काय वाचलं तुमी? काय वाचलं त्याच्या आंदी?”

मी वाक्य वाचून दाखवलं. या वेळी काहीच आलं नाही. पण ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, “झालं मंग. सांगतलं त्याइनं.”

नागपूरला कळवलं, येत नाही. पोळ्याच्या आधी दादा गेला. घरी, आपल्या खाटेवर.

आता जे वहिनीला माहीत नाही ते. हूं आला तेव्हा दोन्ही वेळा दादा झोपेत होता. डोळे मिटलेले, तोंड आ वासलेलं. तसा हूं आ वासलेल्या तोंडातून निघत नाही, मी नंतर करून पाहिलं. आणि आवाज खाटेवरून आलाच नाही. तो समोरून आला. माझ्यापुढच्या रिकाम्या जमिनीवरून, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून. दाराबाहेर जाऊन पाहिलं, भिंतीमागं पाहिलं. शेळ्या होत्या, माणूस नव्हता. माझ्या जागी बसून कुणाला तरी आधी खाटेवरून, मग समोरून बोलायला लावून पाहिलं. खाटेवरचा आवाज समोरून येत नाही.

दादाचा जीव झोपेत उठून आपल्या जागी बसला असेल, असं मनाला सांगतो. तसं असेल तर ठीक. नसेल, तर आम्ही कुणाचं ऐकून त्याला नेलं नाही?

तेरवीच्या दिवशी पाहुणे गेल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. गावभर सांगत होती की मालकांनीच ठरवलं, आपल्यावर काही बोल नाही. मला हळूच म्हणाली, “भावजी, तवा मी सैपाकात व्हती. हूं म्हनताना त्याइचे डोये उघडे व्हते ना?”

मी म्हणालो, “उघडे व्हते, वहिनी. माह्याकडंच पाहून रायले व्हते.”