लायसन आणि मामांची साक्ष

दुपारचं जेवण होतं, भांडी घासून पालथी पडतात, आणि शालन सोप्यात चटईवर आडवी होते. चार वाजता डॉक्टरांकडं जायचंय. कागदावर त्यांची सही झाली की वर्षापूर्वी गेलेलं लायसन परत मिळणार आणि पाण्याच्या जारांचा टेम्पो पुन्हा तिच्या हातात येणार. अशा दिवशी झोप कुणाला लागते? पण डोळे जड झालेत. वर पंखा कुरकुरतोय, रस्त्यावर भंगारवाला ओरडत चाललाय. हळूहळू त्याचा आवाज ओळखीचा वाटायला लागतो.

"शालन, जरा च्या टाक की," भंगारवाला म्हणतो.

ती मान वळवते. चटईच्या कडेला मामा बसलेत. मामा म्हणजे तिचे सासरे, रंगराव जगदाळे, दिवाळीच्या तोंडावर वारलेले. डोक्याला पटका, आणि पायातलं पायताण तसंच घेऊन घरात आलेत. मेल्यावरही वळण लागलेलं नाही.

शालनला भीती वाटत नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

"च्या मागायला बरं तोंड झालं तुम्हाला," ती म्हणते.

आणि का म्हणू नये? तुम्हीच सांगा. गेल्या उन्हाळ्यात ती रिकामे जार घेऊन विट्याकडनं परत येत होती. शेजारी मामा, कारण टेम्पो निघाला की म्हातारा फिरायला तयार, आणि सीटवर टेकला की घोरायला. त्या दिवशी संकष्टी. सकाळपासून पोटात घोटभर चहा, वर रणरणतं ऊन. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि टेम्पो रस्त्याकडेच्या रसवंतीच्या मांडवात घुसला. मांडवात कुणी नव्हतं म्हणून निभावलं. माणसं गोळा झाली. मामांनी पायताण काढून सुनेच्या नाकाला लावलं. चक्कर असो नाहीतर फिट, आपल्याकडं औषध एकच. जी बाई चक्करेनं पडली नसती, ती त्या वासानं पडली असती.

तेवढ्यावर थांबले असते तर मामा कसले? दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मामा म्हणाले, फिट आली. हातपाय झाडले, डोळे फिरवले, तोंडाला फेस आला. डोक्याचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. तरी डॉक्टर म्हणाले, फोटोत दिसेलच असं नसतं, अशा वेळी बघणाऱ्याचं सांगणं धरावं लागतं. आणि बघणारा कोण, तर रंगराव जगदाळे! ज्यांच्या लग्नात हत्ती आला होता म्हणे. आलं होतं भाड्याचं घोडं, तेही लंगडं. ज्यांनी बिबट्याला छत्रीनं हाणला होता. शेजाऱ्यांचा बोका होता तो. सगळा गाव त्या माणसाचं बोलणं चार आणे धरायचा, आणि डॉक्टरांनी ते रुपयाला घेतलं.

शालननं स्वतःच्या हातानं लायसन आरटीओच्या खिडकीतून आत सरकवलं. रोज गोळी घ्या, वर्षभर एकही झटका आला नाही तर सही देतो, असं डॉक्टर म्हणाले. मामा होते तोवर तिनं गोळ्या घेतल्या. ते गेले तशा बंद केल्या, कुणाला न सांगता. नसलेल्या आजाराला कसलं औषध?

"मळ्यापर्यंत सोड मला," मामा म्हणतात.

ती उठते ती थेट टेम्पोतच. सोप्याची भिंत नाही. समोर काच आहे, काचेपलीकडं तिचंच स्वयंपाकघर, आणि डांबरी रस्ता शेगडीखालून मळ्याकडं निघालाय. मामा नेहमीच्या जागी बसलेत.

"लायसन नाही माझ्याकडं," शालन म्हणते.

"मेलेल्या माणसाला न्यायला लायसन लागतंय व्हय?"

"लागतंय. पोलीस तुम्हाला नाही धरत, मला धरतात."

ती चावीला हात लावत नाही.

"खरं सांगा मामा. फेस बघितला तुम्ही?"

"बघितला."

"तुम्ही तर घोरत होता."

"घोरत नव्हतो. जागा होतो."

"किती वेळ चाललं मग?"

"निम्मी बिडी ओढून होईल एवढा वेळ."

"आणि?"

"आणि काय नाही. जेवढं बघितलं तेवढं सांगितलं."

हे तिला आणखीच झोंबतं. हा माणूस इतकं मोजकं कधी बोललाय? एरवी कुणी शंका काढली की बिबट्याचे दोन बिबटे व्हायचे.

टेम्पोची सीट आता दवाखान्याची खाट झालीये. सलाइनच्या जागी वीस लिटरचा जार उलटा टांगलाय. खाटेभोवती तिची गिऱ्हाइकं उभी आहेत, गल्लीतल्या बायका, पिठाच्या गिरणीवाला, बँकेतला शिपाई. प्रत्येकाच्या हातात एकेक चप्पल आहे आणि प्रत्येकजण तिच्या नाकाकडं वाकतोय.

"वैनी, तुम्ही पडून राहा," गिरणीवाला म्हणतो. "तुम्ही कशाला हात लावू नका."

वर्षभर हेच ऐकतेय ती. वीस वर्षं टेम्पो चालवला, चाकाखाली कधी कोंबडी आली नाही. आता पगारी ड्रायव्हरच्या शेजारी पिशवी घेऊन बसायचं, त्यानं क्लच जाळायचा आणि हिनं वास घ्यायचा. शेजारणीनं पोरगं मांडीवर द्यायचं बंद केलं. नवरा आडाला एकटीला जाऊ देत नाही. तिला इतका संताप येतो की खाट हलायला लागते.

"सांगा यांना!" ती मामांवर ओरडते. "तुमच्या एका शब्दानं माझं सगळं गेलं. लग्नातल्या हत्तीनं कुणाचं नुकसान झालं नाही, झालं ते ह्या फिटीच्या थापेनंच झालं. आणि निस्तरायच्या आधी मरून मोकळे झालात. सांगा, खोटं बोललो म्हणून!"

मामा तिच्याकडं बघत राहतात. आजारपणात ती त्यांना भरवायची तेव्हा बघायचे तसं. मग पटका काढून मांडीवर ठेवतात.

"बरं," ते म्हणतात. "खोटं बोललो."

"मोठ्यानं."

"खोटं बोललो. फेस नव्हता, काय नव्हतं. झोपलो होतो मी. नुसती चक्कर होती ती." आणि मग त्यांना सूर सापडतो. "उलट तू अशी निवांत निजली होतीस म्हणून सांगू, देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीगत. रसवंतीच्या मांडवावर दोन मोर येऊन बसले. दोन कसले, चार. मोठा फौजदार आला, त्यानं तुला सलाम ठोकला."

माणसं चपला खाली टाकून निघून जातात. शालनला रडू फुटतं. तिला हेच हवं होतं, दुसरं काही नको होतं. मोरांचं तिला काही खटकत नाही. ती चावी फिरवते, टेम्पो एका दमात सुरू होतो, रस्ता शेगडीखालून, देव्हाऱ्यापुढून, उसाच्या फडातून सरळ पळायला लागतो. हाताला स्टिअरिंगची थरथर लागते. थरथर वाढते. हात सोडवत नाहीत.

मामांचा चेहरा एकदम जवळ येतो. त्यावर चेष्टा नाही.

"कुशीवर हो," ते म्हणतात. "शालन, पोरी, कुशीवर हो."

ती कुशीवर आहे. गाल उशीवर. पंखा कुरकुरतोय. अंग असं दुखतंय की जणू दिवसभर भरलेले जार जिन्यावरून चढवलेत. तोंडात काहीतरी खारट आहे. ती बोट घालून बघते. जिभेची कड फाटलीये, बोट लाल झालंय, उशीच्या अभ्र्यावर ओला डाग पडलाय.

ती बराच वेळ त्या बोटाकडं बघते. घरात कुणी नाही. ह्या वेळी बघणारं कुणीच नव्हतं. चूळ भरली, अभ्रा बादलीत टाकला, तर चार वाजता सही मिळेल. रसवंतीचा मांडव त्या दिवशी रिकामा होता. शाळा सुटायच्या वेळेला त्याच मांडवात पोरं दाटीनं उभी असतात, हे तिला आत्ता आठवायला नको होतं.

दार वाजतं. संपत, तिचा नवरा, फाइल काखेत मारून आत येतो. त्यानं आज इस्त्रीचा शर्ट घातलाय.

"झोप लागली व्हय? चल, आवर. सही झाली की येताना पेढे घेऊ."

ती त्याला बोट दाखवते. त्याला कळत नाही. मग ती अभ्रा दाखवते, आणि तो फाइलसकट खाली बसतो.

"डॉक्टरांना सांगायचं," ती म्हणते. जीभ सुजलीये, शब्द जाड निघतात. "गोळ्या बंद केल्या होत्या तेपण सांगायचं."

"आणि लायसन?"

"पुढच्या वर्षी."

संपत तिच्या पाठीवर हात ठेवतो. ती तो झटकते. डोळ्यांतून पाणी चाललंय आणि अजून रागच येतोय, तो जाईल असं दिसत नाही.

"अख्ख्या जन्मात एकदाच खरं बोलला तुमचा बाप," ती म्हणते, "आणि तेही नेमकं माझ्याच बाबतीत?"