जावयाच्या टाकीचा व्हॉल्व्ह

तक्रारदार: जावई, धंदा पाणबुड्या. विरुद्ध: त्याचाच मेहुणा, धंदा तोच. घटनास्थळ: आंबेगाव तालुक्यातील एका धरणाचा फुगवटा. वेळ: सोमवार, सकाळी साडेदहा. साक्षीदार क्रमांक एक: सासरे. साक्षीदार क्रमांक दोन: ओतूरचा एक बागायतदार, ज्याची पाणी उपसायची बुडालेली मोटार काढायची होती. नावे जाणीवपूर्वक देत नाही, कारण त्या घरी मला आजही चहा मिळतो.

सहायक फौजदार पदावरून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी सध्या जुन्नरला तहसील कचेरीसमोर अर्ज लिहितो. शेकडो प्रकरणे हाताखालून गेली. परंतु नोकरीत असतानाचे हे प्रकरण मला पंचनाम्यासह तोंडपाठ आहे.

जावई ओल्या कपड्यांनीच ठाण्यात शिरला.

"साहेब, खुनाचा प्रयत्न लिवा! मेहुण्यानं माझी हवा बंद केली."

हकीकत अशी. सासरा, मुलगा आणि जावई हे तिघे बुडालेल्या मोटारी काढून देत. सासरे काठावर दोर धरीत आणि दोघे पाठीवर हवेची टाकी बांधून जोडीने खाली जात. त्या दिवशी तळाजवळ जावयाला श्वास ओढता येईना. मेहुण्याने आपली जादा मुखनळी त्याच्या तोंडात दिली आणि त्याला कवेत धरून सावकाश वर आणले.

"ज्याला मारायचं, त्याला कुणी आपली हवा देतं का?" मी विचारले.

"काठावर साक्षीदार व्हते म्हणून दिली!"

मी तडक घटनास्थळी गेलो. टाकीला कोणाचा हात लागण्यापूर्वी ती पंचांसमक्ष ताब्यात घेतली. व्हॉल्व्ह बंदच्या बाजूला फिरवून पाहिला, तर पाव फेऱ्यातच तो बंद झाला. म्हणजे तो तेवढाच उघडा होता. काठावर तेवढी हवा पुरते. खोल गेल्यावर श्वासाला जास्त हवा लागते, तेथे ती अपुरी पडते. मी पाव फेऱ्याची नोंद पंचनाम्यात घेतली. आमचे साहेब हसले, "अहो, तपास करताय की नळ दुरुस्ती?" मी नोंद खोडली नाही.

दुपारी चहाच्या हॉटेलवाल्याने कानात सांगितले, "भाऊ, यात्रेत मेहुण्यानं पयला फेटा दुसऱ्याच पावण्याला बांधला. तवापासून जावई लई पेटलाय. दोघं बोलत न्हाईत." कारण मिळाले, वैर मिळाले, गुन्हा जवळजवळ तयार झाला.

तेवढ्यात जावयाची बायको आली. ती रडली नाही.

"भावाला आत टाकलं तर माझं माहेर तुटलं. आन् नवरा खोटा ठरला तर मला सासरी तोंड दावता येणार न्हाई. पण खरं काय झालं त्येवढं शोधा. त्येंना उद्या परत पाण्यातच जायचंय."

शेवटच्या वाक्याने मी भानावर आलो. तोपर्यंत मी फक्त 'कोणी केले' हे शोधत होतो. 'कसे झाले' हे विचारलेच नव्हते.

मी त्यांचीच दुसरी टाकी मागवली आणि तिघांना एकेकटे आत बोलावून म्हटले, "रोज करता तसे करून दाखवा." सासऱ्यांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडून सवयीने पाव फेरा मागे घेतला. टाकी तशीच ठेवून मी जावयाला बोलावले. त्याने काट्यावर दाब पाहिला, खात्रीसाठी व्हॉल्व्ह अडेपर्यंत फिरवला आणि पाव फेरा मागे घेतला. मात्र अडेपर्यंत फिरवला तो उलट्या, म्हणजे बंदच्या बाजूला; व्हॉल्व्ह उघडा राहिला तो फक्त पाव फेरा. आधी कोणी उघडलाय, हे विचारलेच नाही. नळीत उरलेल्या हवेमुळे काटाही भरलेलाच दिसत होता.

"आता श्वास घ्या आणि काट्याकडे पाहा."

प्रत्येक श्वासाला काटा खाली पडू लागला. 

शेवटी सासऱ्यांसह मेहुण्यालाही आत घेतले आणि त्याला विचारले, "जोडीदाराची टाकी तपासायची असते ना?"

"असती. त्येंनी उलटं फिरवलेलं पाह्यलं बी व्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"दाजींना कोण सांगणार, साहेब? आदीच रुसलेले. चूक काढली असती तर जेवायलाबी आले नसते."

सासरे पुटपुटले, "मलाबी शंका आली व्हती. पण पावण्याच्या वस्तूला परत हात लावायचा..."

 जावई मेहुण्याला म्हणाला, "आरं, शिवी घालायची व्हती की मला!"

"घालतो की. सुरू करू?"

ठाण्यात हशा उसळला. जावयाने तक्रार मागे घेतल्याचा जबाब दिला. 'घातपात नाही' अशी नोंद स्टेशन डायरीत मी स्वतः केली. बायको दारातूनच म्हणाली, "आजपास्नं पाण्याच्या काठावर कुणी जावई न्हाई. घरी आल्यावर व्हा, काय व्हायचं ते."

या प्रकरणाने मला शिकवले की वैरापेक्षा भीडच जास्त घात करते. वैरी निदान लक्ष तरी ठेवतो. भीड मात्र पाहूनही गप्प बसते. तिघांचे मन स्वच्छ होते, पण तिघांत मिळून एक प्रश्न कोणी विचारला नाही.

सबब, पाण्यात जोडीने उतरणाऱ्या व काठावर दोर धरणाऱ्या सर्वांस नम्र विनंती की, उतरण्यापूर्वी एकमेकांची टाकी तपासावी, श्वास घेताना काटा पाहावा, आणि चूक दिसल्यास वय, नाते व मान यांचा विचार न करता मोठ्याने बोलावे. आपल्या जोडीत असे बोलता येते किंवा कसे, याचे उत्तर आपल्या जोडीदाराच्या सहीनिशी द्यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
अर्जलेखक, जुन्नर